प्रभाग तोच, क्रमांक निराळा

प्रश्न : आमच्या पिंप्राळा उपनगरातील प्रभागाचा क्रमांक बदलत राहतो, मग जुन्या निकालांचा माग कसा काढावा?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : क्रमांकाच्या नादी न लागता अंतिम प्रभागरचनेतील चतुःसीमा पाहावी आणि आपली गल्ली तीत कोठे बसते ते ताडून घ्यावे. जळगावची महानगरपालिका २००३ मध्ये झाली. २०१८ च्या निवडणुकीत ७५ जागा १९ प्रभागांत विभागल्या होत्या. बहुसदस्यीय प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो, यंत्रावरील मतपत्रिकेचा रंगही जागेगणिक वेगळा असतो, त्यामुळे ‘प्रभाग अमक्या पक्षाचा’ हे विधान पारावरच्या गप्पांत खपले तरी पुष्कळदा अर्धवट असते. त्या वर्षी भाजपने ५७ जागा जिंकूनही मार्च २०२१ मध्ये त्यांचे नगरसेवक फुटले आणि महापौरपद शिवसेनेकडे गेले, म्हणजे निकालपत्रकावरून सत्तेचा इतिहास कळेलच असे नाही. आरक्षणाची सोडतही तपासावी, कारण जागा महिलांसाठी राखीव झाली की जुने नगरसेवक शेजारची जागा शोधतात किंवा घरातीलच कोणाला तरी उभे करतात.