लिफ्टच्या बटणाला ग्लोव्हज लागू देऊ नका

प्रश्न : नेरूळच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. केमिस्ट्रीचं स्टोअर तळमजल्यावर आणि लॅब तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट, पॅसेज कॉमर्सची मुलंही वापरतात. ऑफिस म्हणतं, ग्लोव्हज-अ‍ॅप्रन घालून लिफ्टमध्ये यायचं नाही. सर म्हणतात, ग्लोव्हजशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. ऐकायचं कुणाचं?

उत्तर : दोघांचंही. ऑफिसची काळजी खरी आहे. ग्लोव्हज घातलेल्या हाताला ओल कळत नाही. बाटलीच्या बुडाला लागलेलं सिल्व्हर नायट्रेट तसंच लिफ्टच्या ‘३’वर जातं, मागून आलेल्या मुलीच्या बोटाला लागतं आणि डाग काळा पडतो तो काही तासांनी, उजेडात. कुठून आला हे तिला कधीच कळत नाही.

म्हणून एकच बाटली न्यायची असेल तर ग्लोव्ह एकाच हातात घाला. त्या हाताने बाटलीचं कॅरियर धरायचं. दार, बटण, मोबाइल या सगळ्याला उघडा हात. ट्रॉली असेल तर त्याहून सोपं: बाटल्या लावून झाल्या की ग्लोव्हज काढा, हात धुवा आणि ट्रॉली उघड्या हातांनीच ढकला. तिच्या दांड्याला ग्लोव्हज कधीच लागता कामा नयेत. नवी जोडी खिशात असू द्या, सांडलं तर लागेल. गॉगल मात्र डोळ्यांवरच ठेवा, त्याचा कुणालाच त्रास नाही. अ‍ॅप्रन ने-आण करायला वेगळा, धुतलेला ठेवा. जूनपासून पॅसेजच्या फरशा ओल्या असतात, तेव्हा चपला-सँडल नकोत, बंद बूटच हवेत.

पण खरा भरवसा ग्लोव्हजवर ठेवायचाच नसतो. पातळ नायट्राइल रबराच्या ग्लोव्हजमधून डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक मिनिट-दोन मिनिटांत आरपार जातं. बाटली फुटली तरी सगळं मावेल अशा जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बादलीत ती ठेवा. संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या अडीच लिटरचं वजनच 4.6 किलो भरतं, काच वेगळी. नुसती मान धरून उचलायची ही वस्तू नाही. बाटली हलू नये म्हणून भोवती फडकी किंवा वर्तमानपत्र कोंबू नका: सल्फ्युरिकने कागद काळा पडतो, संहत नायट्रिकने तो पेटूही शकतो. वर्मिक्युलाइट, म्हणजे न पेटणारं, ओल शोषणारं हलकं खनिज, भरा. नायट्रिक आणि अ‍ॅसिटोन एका बादलीत, एका ट्रेमध्ये कधीही नको.

तास सुटायच्या वेळी निघू नका. ट्रॉलीवर खाण्याचा सोडा ठेवा. थोडंसं अ‍ॅसिड सांडलं तर नवे ग्लोव्हज घालून सोडा कडेपासून आत, थोडा थोडा टाका, एकदम ओतलात तर फसफसून उडतो. मात्र धूर सोडणाऱ्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली लिफ्टमध्ये फुटली तर पुसत बसू नका. पुढच्या मजल्यावर बाहेर पडा, लिफ्ट बंद करायला लावा, माणसं लांब करा.

प्रश्न : ठाण्यात संशोधन करते. लिक्विड नायट्रोजनचा पाच लिटरचा ड्युअर (थर्मॉससारखं दुहेरी भिंतीचं भांडं) लिफ्टने नेताना सोबत उभं राहिलं तर चालेल? मास्क लावते.

उत्तर : नाही, आणि मास्कचा इथे काहीही उपयोग नाही. एक लिटर द्रवाचा साधारण 700 लिटर वायू होतो, म्हणजे पाच लिटरचा 3,500. लहान लिफ्टमध्ये एकूण हवाच जवळपास तेवढी असते. ड्युअर कलंडला तर श्वासापुरता प्राणवायू उरत नाही, आणि नायट्रोजनला ना वास ना रंग. गुदमरल्याचं जाणवायच्या आत माणूस कोसळतो. ड्युअर एकटा पाठवा. खाली एकाने ठेवून बटण दाबायचं, वर दुसऱ्याने उतरवून घ्यायचा. मधल्या मजल्यावर कुणी आत शिरू नये म्हणून आत ठळक मराठी पाटी लावा आणि दारापाशी आडवी साखळी. ड्युअरचं स्वतःचं सैल झाकणच वापरा. घट्ट बूच मारलंत तर आत दाब वाढून स्फोट होतो. ओतताना फेसशील्ड लावा, आणि ग्लोव्हज थंडीसाठीचे, सैल घ्या. आत थेंब गेलाच तर ते झटक्यात काढून फेकता आले पाहिजेत.