वाचकांचे प्रश्न : तेलाचं आयात शुल्क आणि सोयाबीनचा भाव

प्रश्न : मोंढ्यात सोयाबीन उतरलं की आडते म्हणतात, "बाहेरचं तेल आलं." पूर्वी सरकार आयात अडवायचं ना? मग दार कधी उघडलं? आणि शुल्क वाढवलं तरी आमचा भाव का उठत नाही?
— एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : दार टप्प्याटप्प्याने उघडलं. पूर्वी परदेशी खाद्यतेल मुख्यतः सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत यायचं, किती आणायचं ते सरकार ठरवायचं. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. तेलाची पाळी १९९४ मध्ये आली : पामोलिन कुणीही आणावं, ६५ टक्के शुल्क भरावं. १९९८ मध्ये ते १५ टक्क्यांवर आलं होतं.

कोटा जाऊन शुल्क आलं, हा खरा बदल. कोट्यात किती माल येणार ते आधीच ठरलेलं असतं. शुल्कात तसं नसतं : परदेशात भाव पडला की दर तोच राहूनही माल आत येतो. शिवाय दर एका अधिसूचनेने, ऐन काढणीतही बदलतो. वरची मर्यादाही बांधलेली आहे. जागतिक व्यापार संघटनेत आपण पामतेलासाठी ३०० टक्के कबूल केले, सोयातेलासाठी फक्त ४५. आपल्या पिकाला हे फार महागात पडलं.

बातमीतला आकडा नीट वाचा. ३० मे २०२५ पासून कच्च्या सोयातेलावर मूळ शुल्क १० टक्के, त्यात कृषी अधिभार ५, आणि या १५ वर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १.५. एकूण १६.५ टक्के. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ शुल्क २० झालं तेव्हा हीच बेरीज २७.५ होती. रिफाइंडवर मात्र ३५.७५ टक्के कायम राहिले. या दोन दरांमधली वाढलेली फट रिफायनरीला राखते, शेतकऱ्याला नाही.

आता तुमचा भाव. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, उरलेली बहुतेक पेंड, मोंढ्याच्या भाषेत डीओसी. तेलावरचं शुल्क त्या १८ किलोंनाच आधार देतं. पेंडेला निर्यातीत ब्राझील आणि अर्जेंटिनाशी झुंजावं लागतं. तिचा भाव पडला की तेल महाग होऊनही मिल सोयाबीनला जास्त देत नाही. म्हणून शुल्काची बातमी आली की त्याच दिवशी डीओसीचा भावही विचारा.