जगभरातलं संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवता, पण संगीत रीतसर शिकलेला नाहीत. परदेशी गाण्यांचे शब्द कळत नाहीत आणि थोडं ऐकलं की सगळं सारखंच वाटायला लागतं. मला तर वाटतं, तुमची तयारी चांगलीच झालेली आहे. ठेका कुठे संपतो आणि पुन्हा कुठे सुरू होतो हे तुमच्या हाताला कळतं. तेव्हा शब्द सोडा, चालही सोडा. आधी फक्त आवर्तन शोधा.

पहिला फ्लामेंको घ्या. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं हे संगीत, तिथल्या रोमा म्हणजे जिप्सी समाजाने वाढवलेलं. त्यातला ‘सोलेआ’ हा प्रकार संथ असतो, म्हणून तोच निवडा. एक ते बारा मोजा आणि ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर टाळी द्या. आपला एकतालही १२ मात्रांचाच, पण त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे. इथे आधी तीन-तीन, मग दोन-दोन-दोन. त्यामुळे पहिला अर्धा भाग रेंगाळतो आणि दुसरा घाई करतो. गिटारवाला बऱ्याचदा दहाव्या मात्रेवर चाल टेकवतो, ती जागा सापडली की मान आपोआप डोलते. टाळी हे तिथे खरंखुरं वाद्य आहे. गायक आर्ततेने गात असेल तर तळवे पोकळ धरून दबकी टाळी, रंग चढला की बोटं तळव्यावर मारून खणखणीत. कामारोन दे ला इस्लाचं गाणं आणि साथीला पाको दे लुसियाची गिटार, हे ऐकाच. (फ्लामेंकोत दिसणारं ते लाकडी खोकं, काहोन, मुळात पेरूमधलं. ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाकोनेच फ्लामेंकोत आणलं.)

मग जमैकाचं रेगे. १९६० च्या दशकाच्या शेवटी हे आकाराला आलं. चार मात्रा मोजा. त्यातल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात ड्रमवाला पहिली मात्रा रिकामी सोडतो आणि जोर देतो तिसरीवर. समेवर टाळ आपटायची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला फार अवघड जातं, पण सगळी मजा त्या मोकळ्या जागेत आहे. बॉब मार्लेच्या गाण्यांत आवाजाकडे नंतर लक्ष द्या, आधी ड्रमवरचा कार्लटन बॅरेट ऐका.

इंडोनेशियाचं गामेलान, म्हणजे मुख्यतः धातूच्या, ठोकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा, बहुतेक लोक ‘शांत वाटतं’ म्हणून मागे लावून ठेवतात. मला ते पटत नाही, कारण त्यात केवढी तरी बांधणी आहे. जावामध्ये मोठी घंटा, म्हणजे गोंग, आवर्तनाच्या शेवटी वाजते आणि सगळे वादक तिच्याकडेच निघालेले असतात. बालीत वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. जलद चाल दोघांत वाटून घेतलेली असते, एकाच्या फटीत दुसऱ्याचा ठोका. एकट्याला ती वाजवताच येणार नाही. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जावाचं गामेलान ऐकून फ्रेंच संगीतकार देब्यूसी भारावून गेला होता.

अमेरिकेतला ब्लूज तुम्हाला लवकर जवळचा वाटेल. त्याचं नेहमीचं आवर्तन १२ बारचं, बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी ओळ उत्तरासारखी येते. प्रत्येक ओळीनंतर जागा सुटते आणि तिथे गिटार बोलते. बी. बी. किंगपासून सुरुवात करा.

पोर्तुगालच्या फादोत मात्र टाळी शोधू नका. गायक शब्द ओढतो, सोडतो, आणि गिटारी त्याच्यामागून जातात. आमालिया रॉड्रिग्ज ऐका, आणि मग आपल्या गोव्याची सोनिया शिरसाट. गोव्यात फादो आजही गायला जातो.

एका आठवड्यात एकच प्रकार, आणि तोही एकाच कलाकाराचा. ‘वर्ल्ड म्युझिक’ नावाच्या तयार याद्या लावू नका. त्यात दर चार मिनिटांनी देश बदलतो आणि हाताला काहीच गवसत नाही. सोलेआची टाळी जमली की इथेच कळवा, मग त्याच १२ मात्रांची जलद ‘बुलेरिया’ कशी मोजायची ते सांगतो.