धावपट्टीला पैसा आहे, मग क्वार्टरला का नाही?

तुमचा प्रश्न असा, की हवाई तळांसाठी शेकडो कोटी मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, तरी हवाई दलातल्या तुमच्या भावाच्या क्वार्टरचं छत तीन पावसाळे का गळतंय? तळांवरच्या बांधकाम-देखभालीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बातमीत येतो तो बहुतेक भांडवली खर्च, म्हणजे नवी मालमत्ता उभारण्याचा. मे २०२० मध्ये ३७ विमानतळांच्या आधुनिकीकरणाचा सुमारे १२०० कोटींचा करार झाला, तो असा. त्यात धावपट्टीचे दिवे आणि विमान उतरायला मदत करणारी उपकरणं येतात. लडाखमधल्या न्योमाची धावपट्टी त्या करारातली नव्हे, पण तीही भांडवली खर्चातलीच. गळकं छत मात्र महसुली, म्हणजे चालू खर्चात मोडतं. भांडवली कामाचे पैसे अर्थसंकल्पातल्या मुख्य शीर्ष (खातं) ४०७६ खाली, तर हवाई दलाचा रोजचा खर्च २०७८ खाली, आणि एकातले उचलून दुसऱ्यात टाकायला संसदेची मंजुरी लागते. त्या २०७८ मध्येच पगार आहेत, विमानाचं इंधन आहे, सुटे भाग आहेत. ते थांबवता येत नाहीत. घरांची डागडुजी मागे सारली जाते.

धावपट्टीला मिळतं ते जास्त आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. धावपट्टीच्या सांध्यातला सीलंट, म्हणजे फट बुजवणारा मसाला, निघाला की काँक्रीटचा कडेचा तुकडा सुटतो, आणि तो इंजिनात ओढला गेला तर विमान जायबंदी. चाकांच्या रबराचा काळा थर साचला की ओल्या धावपट्टीवर ब्रेक धरत नाहीत. पुण्याला लोहगावची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये चौदा दिवस पूर्ण बंद ठेवून काम केलं, प्रवासी विमानांसकट. ते टाळून चालत नाही.

खरी अडचण मला तारखांची वाटते. एमईएस, म्हणजे सैन्यदलांची बांधकाम-देखभाल करणारी मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, तिच्यात रोजची दुरुस्ती वेगळी आणि 'स्पेशल रिपेअर' वेगळं. रोजच्यात डांबराचं ठिगळ बसतं. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग स्पेशल रिपेअरमध्ये, म्हणजे एस्टिमेट, मंजुरी, निविदा. नव्या वर्षाचा पैसा एप्रिलनंतर येतो, निविदा उघडेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो आणि ओल्या स्लॅबवर ते काम करताच येत नाही. पाऊस सरला की तक्रारीही सरतात, मार्चअखेर जवळ आली की पैसे संपवायची घाई. हे चक्र मी दरवर्षी पाहिलं आणि दरवर्षी माझा जीव तुटला.

एका तळावर रात्रपाळी करून आलेला टेक्निशियन मला क्वार्टरमध्ये घेऊन गेला होता. पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला, कारण भिंतीकडे पाणी. डोक्यावर स्लॅबची सळई उघडी पडलेली. त्याला दिवसा झोपायचं होतं आणि रात्री परत लढाऊ विमानाचे बोल्ट आवळायचे होते. घरांचा खर्च हा कल्याणाचा नव्हे, उड्डाणसुरक्षेचा खर्च आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मांडत आलो.

भावाला सांगा, तोंडी तक्रारीवर थांबू नको. पाऊस संपल्या संपल्या, ऑक्टोबरातच, ओलीचे फोटो लावून गॅरिसन इंजिनिअरच्या (एमईएसच्या स्थानिक अधिकाऱ्याच्या) कार्यालयात लेखी दे आणि पोच घे. 'स्पेशल रिपेअर' हे शब्द अर्जात हवेत, नाहीतर पुन्हा ठिगळच येईल. आसपासच्या चार घरांची नावं एकत्र दिली तर आणखी बरं. पूर्ण ब्लॉकचं एकच एस्टिमेट निघतं आणि ते पुढच्या वर्षाच्या कामांच्या यादीत लवकर चढतं.