कुटाचा डबा, गव्हाची पोळी आणि एकच ओटा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीला राहतो, घरात सहा माणसं. मोठी मुलगी नऊ वर्षांची, तिचं हिमोग्लोबिन दोन वर्षं वाढतच नव्हतं, टॉनिकं झाली, बीट झालं, खजूर झाले, शेवटी रक्ताची टीटीजी टेस्ट आणि दुर्बिणीची तपासणी करून सीलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गहू जन्मभर बंद. धाकटा चार वर्षांचा. गेल्या संक्रांतीला तिळगुळाचा लाडू खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, डॉक्टरांनी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगितली. सासूबाईंना शुगर आहे, सासऱ्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं. मी रोज चार चार प्रकारचं करते आणि तरी कुणाचं तरी चुकतंच. सासूबाई मनाने खूप चांगल्या आहेत पण कुटाशिवाय भाजी त्यांच्या हातून होतच नाही, म्हणतात थोडं थोडं दिलं की सवय होईल त्याला. परवा मी त्यांच्यावर ओरडले, तेव्हापासून घरात अबोला आहे. काय करू?

उत्तर : आधी एक विचारते, त्या संक्रांतीनंतर डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनबद्दल काही सांगितलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून काळजी वाटली, बाकी ओट्याचं वगैरे नंतर बघू. अंगावर गांधी आणि त्याच वेळी उलटी, म्हणजे शरीरातल्या दोन ठिकाणी एकदम रिअ‍ॅक्शन आली, ही साधी पित्त उठल्यासारखी गोष्ट नाहीये, पुढच्या वेळी श्वासावरही येऊ शकते. अशा वेळी जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. अ‍ॅलर्जीचं सिरप खाज कमी करतं पण बंद होत आलेला घसा उघडत नाही, त्यामुळे सिरप देऊन बघू असं म्हणत बसायचं नाही. परदेशात मिळतात तसे आपोआप टोचणारे पेन आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत, म्हणून अँप्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज घरी ठेवून किती भरायचं, कसं टोचायचं हे डॉक्टरांकडूनच शिकून घ्या, वजनानुसार डोस कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रीजच्या दारावर लावा. मुलाला आडवं झोपवायचं, पाय थोडे वर, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं, पण उभं करून चालवायचं नाही, आणि १०८ ला फोन. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये थांबायचं, कारण काही तासांनी तेच परत उसळू शकतं. हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना यायला हवं, सासूबाईंना सुद्धा, कारण दुपारी तुम्ही बाहेर असाल तेव्हा त्याच असतील त्याच्याजवळ.

आता स्वयंपाक. तुम्ही चारही पथ्यं एकाच मापाने मोजताय म्हणून इतक्या दमताय असं मला वाटतं. शेंगदाणा मिनिटांत जिवावर येऊ शकतो. गहू लेकीला त्या क्षणी काही करणार नाही पण चिमूटभर पीठ रोज पोटात गेलं तर आतडं भरून येत नाही आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. सासूबाईंची शुगर ही पानात किती वाढलं याची गोष्ट आहे. आणि सासऱ्यांचं फक्त पोट फुगत असेल तर ते सगळ्यात सोपं, चहाला दूध कमी आणि जेवताना ताक, दही-ताक अशा लोकांना बहुतेक वेळा चालतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, शेंगदाणा घरातून पूर्ण बाहेर, गहू वेगळ्या कोपऱ्यात, बाकी दोघांचं पथ्य पानात. चार स्वयंपाक करायची गरज नाही.

शेंगदाणा बाहेर म्हणजे नुसता कुटाचा डबा नाही. आपल्या स्वयंपाकात तो कुठे कुठे बसलेला असतो हे मोजायला गेलं की थक्क व्हायला होतं, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, वडापावच्या लसूण चटणीत, फरसाणात, चिवड्यात, आणि घाण्याच्या तेलात. अ‍ॅलर्जी होते ती शेंगदाण्यातल्या प्रथिनामुळे, ते रिफाइंड तेलात जवळपास उरत नाही पण घाण्याच्या तेलात राहतं, आणि ज्या घाण्यावर शेंगदाणा निघतो त्यावरच करडई निघत असेल तर करडईचंही घेऊ नका. बाहेरून कुणी खाऊन आलं तर हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरने ते प्रथिन जात नाही.

कुटाच्या जागी काय, हा सासूबाईंचा खरा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. कुटामुळे रस्सा मिळून येतो, भाजीला अंग येतं. डाळं आणि भाजलेलं सुकं खोबरं एकत्र वाटून बघा, भरल्या भाजीत कारळ घाला. मात्र मुलगा डाळं, बेसन, तीळ, कारळ आधीपासून नीट खातोय का, आणि त्या लाडवात तीळही होते तर तिळाची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

गव्हाचं सांगते ते माझ्या घरातलं. माझ्या लेकीला सीलिअ‍ॅक निघून आता अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी आम्ही गहू, मैदा, रवा, शेवया, दलिया सगळं बंद केलं, दुधात घालायची माल्टची पावडर पण बंद केली कारण त्यात जव असतं, आणि तरी आठ महिन्यांनी तिची टीटीजी उतरेना. मी रडकुंडीला आले होते. मग एक दिवस गिरणीत उभी होते आणि डोळ्यांसमोर बघितलं, आधीच्या बाईंचं गव्हाचं दळण संपलं आणि त्यावरच माझी ज्वारी पडली. पहिलं किलोभर पीठ तर अर्धं गव्हाचंच असणार. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यात ग्लुटेन, म्हणजे गव्हा-जवातलं या आजारात नडणारं प्रथिन, नसतंच, पण गिरणीतून येताना ते घेऊन येतात. त्या महिन्यात आम्ही दागिना न करता घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच घातला नाही. पुढच्या रिपोर्टला आकडा निम्म्यावर होता. दुसरा छुपा गहू निघाला हिंगात, डबीतल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, तांदळाच्या पिठाचा किंवा खडा हिंग बघून घ्या. आणि थालीपीठाची भाजणी, आपल्या बहुतेक घरांत त्यात मूठभर गहू असतोच.

तुमच्या घरात रोजचं जेवण भाकरी, वरण-भात, एक भाजी, एक उसळ असं ठेवा, ते सहाही जणांना चालतं. सासूबाईंच्या पानात भात कमी, उसळ जास्त. मिस्टरांना आणि सासऱ्यांना पोळीच लागत असेल तर ती पोळी-भाजी केंद्रातून आणा, मी खरंच सांगते, घरात कणीक मळली की पिठी हवेत उडून ओटाभर बसते. फक्त केंद्रात कूट आणि शेंगदाणा तेल सांभाळतात का ते विचारून घ्या. घरीच करायच्या असतील तर पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी, पीठ चाळायचं कापड सगळं वेगळं, लाकडाच्या फटीत पीठ राहतं, ते धुवून जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात लेकीचे पापड तळायचे नाहीत.

उपासाचा दिवस तुमच्याकडे मजेशीर असेल, लेकीला साबुदाणा, वरई, राजगिरा सगळं चालतं आणि लेकाला त्याच खिचडीतला कूट जिवावरचा, आणि साबुदाण्याने आजीची शुगर वर. वरईचा भात आणि ओलं खोबरं घातलेली बटाट्याची भाजी करा, सगळे जेवतील, आजीच्या पानात फक्त बेताने वाढा. उकडीचे मोदक तर तुमच्यासाठीच आहेत. पाकीट घेताना मागची यादी वाचा, २०२० च्या लेबलच्या नियमाप्रमाणे ग्लुटेनवाली धान्यं, शेंगदाणा, दूध, सोया वगैरे वेगळं लिहावं लागतं, आणि ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोत २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. सुट्या फरसाणाला कसलंच लेबल नाही, ते नकोच.

आणि तो अबोला. सासूबाई म्हणतात ते अगदीच वेडं नाहीये, थोडं थोडं देऊन सवय करायची उपचारपद्धत खरंच आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजून करतात, भाजीतल्या चमच्याने नाही. हे तुम्ही सांगू नका. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, प्रश्न त्यांनाच विचारू दे. माझ्या सासूबाई अशाच एकदा आल्या आणि घरी येऊन म्हणाल्या की भाजणी आता मी बघते. तेव्हापासून बिनगव्हाची भाजणी त्याच भाजतात, दुसऱ्या कुणाला कढईला हात लावू देत नाहीत. पण आधी आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ओरडल्याबद्दल माफी मागा.

अजून एक, सीलिअ‍ॅक घराण्यात चालतं, तुमची दोघांची आणि धाकट्याची पण टीटीजी करून घ्या, आणि ती होईपर्यंत तुमचा कुणाचा गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

प्रश्न : मला सारखे पोटाचे त्रास म्हणून एका पॅकेजमध्ये रक्ताची फूड टेस्ट केली, त्यात ३८ पदार्थ लाल रंगात आलेत, तांदूळ, तूरडाळ, हळद सुद्धा. आता खायचं काय? – ठाणे

उत्तर : रिपोर्टवर आयजीजी (IgG) लिहिलंय का बघा, हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. असेल तर तो कागद बाजूला ठेवा आणि आज वरण-भात खा. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच शरीराने नोंदवलेलं असतं, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. अ‍ॅलर्जीसाठी बघतात ती दुसऱ्या प्रकारची, आयजीई (IgE), आणि तीसुद्धा एकटी पुरेशी नसते, खाल्ल्यावर नक्की काय झालं हे डॉक्टरांना जुळवून बघावं लागतं. अशा याद्यांपायी माणसं निम्मं जेवण सोडतात आणि अशक्त होतात, मला याचं फार वाईट वाटतं. दोन आठवडे काय खाल्लं आणि पोटाला कधी त्रास झाला हे वहीत लिहा आणि ती वही घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मोठ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. बाळ पाच महिन्यांचं आहे, त्याला शेंगदाणा कधीच द्यायचा नाही ना? – नाशिक

उत्तर : पूर्वी असंच सांगायचे, पण आता उलट आहे. २०१५ साली लंडनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला, अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं, ४ ते ११ महिन्यांची, निम्म्यांना शेंगदाणा दिला, निम्म्यांना नाही. पाच वर्षांची झाल्यावर न दिलेल्यांत शंभरातल्या १७ जणांना अ‍ॅलर्जी, दिलेल्यांत फक्त ३ जणांना. त्यामुळे बाळाच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, बाळाला खूप एक्झिमा, म्हणजे खाज येणारं कोरडं लाल पुरळ, असेल तर आधी तपासणी करतील. द्यायला सांगितलं तर अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो, पातळ पेस्ट करून. आणि ती पण मोठा शाळेत गेल्यावर, जमलं तर आईच्या किंवा बहिणीच्या घरी, वाटी-चमचा वेगळा, आणि बाळाचं तोंड, हात, तुमचे हात साबणाने धुवून मगच मोठ्याला जवळ घ्यायचं.