पहिल्या केमोनंतरच्या त्रासाविषयी

आपल्या बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले, पहिल्या केमोला आज पाच दिवस होतात, मळमळ थांबत नाही, आणि ‘केमोत हे व्हायचेच’ असे म्हणत ती डॉक्टरांना काही कळवू देत नाही, असे आपण लिहिले आहे. मला सर्वांत जास्त काळजी तिच्या या गप्प राहण्याची वाटते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मी सहा महिने केमो घेतली, तेव्हा मीही असाच गप्प राहिलो होतो.

मळमळीसाठी डॉक्टरांना आजच फोन करावा. पहिल्या 24 तासांत होणाऱ्या उलट्या आणि नंतर पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी मळमळ यांची कारणे शरीरात काहीशी वेगवेगळी असतात. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटी थांबवणारे औषध पहिल्या दिवशी चांगले काम करते. पुढच्या दिवसांत ते एकटे अनेकदा पुरत नाही, आणि त्याने बद्धकोष्ठताही होते. अशा वेळी डॉक्टर डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट किंवा ओलान्झापीन या औषधांपैकी काही जोडू शकतात. गोळी उलटी झाल्यावर नव्हे, तर सांगितलेल्या वेळी घ्यायची असते. पहिल्याच खेपेला मळमळ आटोक्यात आली नाही, तर पुढे रुग्णालयाच्या नुसत्या वासानेही पोटात ढवळू लागते, आणि एकदा जडलेला हा त्रास औषधांना सहज दाद देत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, म्हणजे तिचे हे दिवस परवापासूनच सुरू होतील. या काळात ताप 38 अंश सेल्सिअस (100.4 अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. माझ्या केमोच्या तिसऱ्या खेपेत दहाव्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. मी पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला आणि बरे वाटून मी झोपलो. सकाळी मला उभेही राहता येईना. त्यानंतर चार दिवस रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक चालू होते. पॅरासिटामॉलने ताप झाकला गेला होता, जंतुसंसर्ग मात्र आत वाढतच होता. पेशी कमी असताना जखमेवर लाली किंवा पू फारसा दिसत नाही, त्यामुळे टाके बाहेरून स्वच्छ दिसतात एवढ्यावर विसंबू नये. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावरची सूज किंवा वाढलेले दुखणेही लगेच दाखवावे.

दुसरी चूक मला आजही भोवते आहे. माझ्या औषधांत ऑक्झॅलिप्लॅटिन होते. सुरुवातीला थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या येत आणि थंड पाणी घशाला टोचे. हे काही दिवसांत ओसरत असे. पुढे बोटांची बधिरता दोन खेपांच्या मधल्या काळातही राहू लागली, शर्टाची बटणे लावणे जड जाऊ लागले. औषधाची मात्रा कमी केली तर उपचार अर्धवट राहील, या भीतीने मी ते डॉक्टरांपासून लपवले. केमो संपल्यावर ही बधिरता आणखी काही महिने वाढत गेली, आणि तळपायांत ती अजून आहे. मात्रा कमी करायची, औषध बदलायचे की तसेच चालू ठेवायचे, हा निर्णय डॉक्टरांचा; मी त्यांना तो घेऊच दिला नाही. आपल्या बहिणीला पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध दिले जाणार असेल, तर त्यानेही अशी बधिरता येते हे तिला आधीच सांगून ठेवावे.

माझे सगळे अनुभव तिला लागू होतील असे मात्र नाही. तिच्या औषधांची नावे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, आणि हे ठाऊक नसलेला माणूस रक्त समजून घाबरतो. केस बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गळू लागतात, तेव्हा त्याबद्दल तिच्याशी याच आठवड्यात बोलावे.

तोंड आले तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात, दात मऊ ब्रशने घासावेत आणि अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे. थकवा नुसत्या झोपेने जात नाही; ताप नसेल तेव्हा रोज थोडे चालल्याने तो कमी होतो. चालताना धाप लागत असेल तर मात्र ते डॉक्टरांना कळवावे.

एक वही करावी आणि केमोचा दिवस पहिला धरून रोजचा ताप, उलट्या, शौच, खाणे-पिणे आणि हातापायांची संवेदना तीत लिहावी. बहीण बोलायला तयार नसेल, तर दुसऱ्या केमोपूर्वीच्या तपासणीत ती वही आपणच डॉक्टरांच्या हाती द्यावी.