दिवा लागतो, नळाला पाणीही येतं, मग गरम का होत नाही?

आरव्हीतल्या (राहायची सोय असलेल्या गाडीतल्या), वीज आणि गॅस दोन्हींवर चालणाऱ्या वॉटर हीटरबद्दलची तुमची पोस्ट वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. इलेक्ट्रिकचं बटण दाबलं, दिवा लागला, पाऊण तास थांबूनही पाणी गारच. गॅसचं दाबलं तर लाल दिवा लागला तो विझेचना. इथपर्यंत नेहमीचीच तक्रार. पण पुढे तुम्ही लिहिलंय, 'हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच गाडी बाहेर काढली, गरम नळालाही पाणी जोरात येतंय, म्हणजे टाकी भरलेली आहेच.' हे वाक्य मी शब्दशः असंच म्हटलं होतं, आणि ते मला दोनदा महागात पडलं. तेव्हा आधी उठून इलेक्ट्रिकचं बटण बंद करा. बाकीचं नंतर वाचा.

(मी ना इलेक्ट्रिशियन, ना गॅसवाला. आरव्हीत सात-आठ मोसम काढलेला माणूस आहे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. गॅसचा वास आला तर काहीही न तपासता सिलिंडर बंद करून बाहेर पडा.)

पंप, रेग्युलेटर, ब्रेकर हे तुम्ही पाहिलंच असणार, ते सोडून देतो. माझा संशय बायपासवर आहे. हिवाळ्याआधी हीटरची टाकी रिकामी करतात आणि पाइपांत अँटिफ्रीझ, म्हणजे गारठ्यात न गोठणारा द्रव, फिरवतात. सहा गॅलनची टाकी अँटिफ्रीझने भरण्यात अर्थ नाही, म्हणून टाकीच्या मागे व्हॉल्व्ह फिरवून तिला वळसा घातलेला असतो, तोच बायपास. आता गंमत बघा. बायपास लागलेला असताना गार पाणी टाकीत न शिरता थेट गरम पाइपात जातं. त्यामुळे गरम नळाला पाणी धो धो येतं आणि टाकी मात्र कोरडी ठणठणीत. त्यात दीड हजार वॅटच्या आसपासचा एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कांडी) चालू केला की तो काही क्षणांत जळतो. आवाज नाही, वास नाही, दिवा तसाच लागलेला.

माझा पहिला एलिमेंट असाच गेला. मला काय कळणार? मी गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, आणि विचारूही नका. अकरा दिवस गाडी तिथे पडून. बिलावर 'एलिमेंट बदलला, तपासणी केली' असं लिहिलेलं. मी खूश होऊन घरी आलो, पाइप जोडला, गरम नळ उघडला, पाणी आलं, बटण दाबलं. तासाभराने पाणी? गार. नवाकोरा एलिमेंट जळालेला होता, कारण बायपास तसाच होता. एलिमेंट बदलायला टाकी रिकामी असावी लागते, त्यांना ती आयतीच रिकामी मिळाली. पण ती का रिकामी आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. परत गेलो तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, 'वापरणाऱ्याची चूक आहे, वॉरंटीत बसत नाही.' तांत्रिकदृष्ट्या खरंही असेल. पण मग 'तपासणी केली' म्हणजे नेमकं काय केलं, याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. वर पूर्ण हीटरच बदला असा सल्ला फुकट!

शेवटी मीच रागाच्या भरात बाहेरचं झाकण उघडून बसलो. टाकीतलं पाणी काढावं म्हणून खालचा ॲनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी धातूची कांडी) सोडवायला घेतला. पाणी अंगावर येणार म्हणून जुने कपडे घातलेले, बादली लावलेली. रॉड बाहेर आला आणि मागोमाग पांढरा चुरा पडला. चमचाभर. पाणी एक थेंबही नाही. बादली हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

तेव्हा तुम्ही हे करा. हीटर बंद आणि गार असताना झाकणाआडच्या रिलीफ व्हॉल्व्हची (जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दांडी उचला. पाणी जोरात सुटलं तर टाकी भरलेली आहे. नुसतीच हवा फुसफुसली किंवा काहीच आलं नाही तर रिकामी. मग आत बायपास शोधा. तीन व्हॉल्व्हची मांडणी असेल तर टाकीकडे जाणारा आणि टाकीतून येणारा हे दोन उघडे हवेत, म्हणजे दांडी पाइपाच्या रेषेत. आणि दोघांना जोडणारा मधला बंद, दांडी आडवी. काहींना एकच व्हॉल्व्ह असतो, त्यावर खुणा असतात. आता गरम नळ उघडून ठेवा. टाकी खरंच भरत असेल तर नळ काही मिनिटं थुंकत, खोकत राहील, मग धार एकसंध होईल. रिकाम्या टाकीनंतर पहिल्या क्षणापासून एकसंध धार आली तर बायपास अजून लागलेलाच आहे.

एलिमेंट गेलाय का हे मल्टिमीटरने कळतं. बाहेरची 120 व्होल्टची वीज पूर्ण तोडून, एलिमेंटच्या तारा सोडवून मोजा. 1440 वॅटचा एलिमेंट दहा ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो गेला. वीज तोडण्याची खात्री नसेल तर हे काम दुसऱ्याला सांगा, लाजू नका.

सबर्बन कंपनीच्या अनेक हीटरांना बाहेरच्या झाकणाआड, खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं काळं बटण असतं. ते बंद असेल तर आतलं बटण कितीही दाबा, एलिमेंटला वीज जात नाही. तुमच्या गाडीत ते बंदच राहिलं असेल तर तुमचं नशीब थोर, एलिमेंट वाचला. पण टाकी भरल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका.

आता त्या दिव्यांबद्दल. हे पॅनल ज्याने आखलं त्याला एकदा गार पाण्याने अंघोळ घालायला हवी. इलेक्ट्रिकचा दिवा म्हणजे 'बटण चालू आहे', बस्स. पाणी तापतंय की नाही हे त्याला माहीत नसतं. शेजारचा गॅसचा लाल दिवा नेमका उलट: ठिणगी पडताना काही सेकंद लागतो आणि ज्योत पेटली की विझतो. लागलेलाच राहिला तर ज्योत पेटली नाही आणि हीटरच्या कंट्रोल बोर्डाने गॅस बंद केला. एक लागलेला चांगला, दुसरा विझलेला चांगला, आणि दोन्ही एकाच पट्टीवर!

तुमचा गॅसचा लाल दिवा बहुधा पाइपातल्या हवेमुळे राहिला असेल. सिलिंडर जोडल्यावर आधी शेगडी पेटवा, ती नीट जळू द्या, मग हीटरचं बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावा. तरीही नाही तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं घर आहे का बघा. आणि गॅसवर चालतानाही बोर्डाला 12 व्होल्टची बॅटरी लागते. बॅटरी मेली असेल तर सिलिंडर भरलेला असून उपयोग नाही. टाकी रिकामी असताना गॅसही लावू नका. एलिमेंट नाही जळत, पण हाय-लिमिट स्विच (हीटर फार तापला की तो बंद करणारा) उडतो आणि मग रबरी टोपीखालचं रिसेटचं बटण शोधत बसावं लागतं.

दोन्ही एकदम लावावं का? चालतं, पाणी लवकर तापतं. माझं मत, घाईत दोन्ही लावा, एरवी बाहेरची वीज आहे तर ती वापरा. फक्त एलिमेंट एकटाच 12 अँपिअर ओढतो. 30 अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्हही चालू असेल तर ब्रेकर पडणारच. तो पडला की हीटर बिघडला म्हणून पुन्हा पोस्ट टाकू नका!

जाता जाता एक: पाणी कोमट येत असेल, पूर्ण गार नसेल, तर बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडे राहिलेत का बघा. शॉवरच्या मुठीवरचं बटण बंद असलं तरी आतल्या आत गार पाणी गरम पाइपात मिसळत राहतं. मी यात एक अख्खा आठवडा घालवलाय, तो किस्सा नंतर.

आधी रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचला आणि पाणी आलं की हवा, ते इथेच लिहा.